गावचा गणपती आणि दूरचे बिऱ्हाड: काय सोबत न्यावे, काय गावीच ठेवावे

मी बावीस वर्षे डोंबिवलीत नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील वडिलोपार्जित घरी परत आलो. त्यामुळे गणपतीच्या सणाची दोन्ही टोके मला ठाऊक आहेत. एका टोकाला रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या दाराशी उभा असलेला चाकरमानी असतो आणि दुसऱ्या टोकाला बंद घराची किल्ली सांभाळत त्याची वाट पाहणारा गावातला माणूस. श्रावण लागला की मला दोन प्रकारचे फोन येऊ लागतात. काही जण म्हणतात, 'यंदा येणे जमणार नाही, इथेच काय करू ते सांग', तर काही जण म्हणतात, 'आम्ही येतो आहोत, तयारी करून ठेव.' दोघांनाही मी दरवर्षी जवळपास तेच सांगत आलो असल्यामुळे ते एकदा क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमच्या कोकणात माणसे दूर जाणे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत खपलेल्या, बोटीने मालवणला किंवा वेंगुर्ल्याला उतरणाऱ्या पिढ्यांनी सण दुरून सांभाळण्याची एक रीत बसवली होती. पुरुष मुंबईत, बायका-मुले गावात, आणि घराचा देव्हारा कधी बंद नाही, अशी ती रीत होती. आता नवरा, बायको, मुले सगळीच बाहेर असतात आणि घराला कुलूप असते, हा खरा बदल आहे. जुनी रीत उघड्या घराच्या भरवशावर उभी होती, म्हणून ती आज जशीच्या तशी चालत नाही.

माझ्या अनुभवाप्रमाणे सणाचे दोन भाग असतात. एक भाग घराला, वाडीला, गावच्या देवाला बांधलेला असतो, तर दुसरा आपल्या हातात आणि तोंडात असतो: मोदकाची कळी, आरतीची चाल, नैवेद्याच्या पानावरचा क्रम. पहिला भाग गावीच राहू द्यावा आणि दुसरा शिकून सोबत न्यावा. बहुतेक कुटुंबे नेमके उलट करतात, म्हणजे माटवी (गणपतीच्या डोक्यावर बांधायची रानफुलांची आणि फळांची चौकट) फ्लॅटमध्ये टांगतात आणि मोदक दुकानातून आणतात.

पहिली पायरी: मूर्ती कोठे बसणार ते ठरवणे

आमच्याकडे बऱ्याच घराण्यांत सगळ्या भावांचा मिळून एकच गणपती मूळ घरी बसतो. चुली वेगळ्या झाल्या, शहरात फ्लॅट झाले, तरी गणपती वाटून घेतलेला नसतो. त्यामुळे दूरच्या घरी मूर्ती आणण्याआधी थोरल्या माणसाला विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही. एकदा मूर्ती आणली की ती पुढच्या वर्षीही आणावी लागेल, असे घरातली वडीलधारी मानतात आणि मग दोन ठिकाणची जबाबदारी त्याच चार माणसांवर पडते. माझ्या एका चुलत भावाने हौसेने पुण्यात मूर्ती आणली. तिसऱ्या वर्षापासून तो ना धड पुण्यात असे, ना धड गावात. दीड दिवसाचे विसर्जन उरकून रात्रीच्या गाडीने निघायचा आणि गावी पोहोचायचा तेव्हा ऋषिपंचमी सरलेली असायची.

मूळ घरी गणपती बसत असेल आणि तुम्ही जाऊ शकत नसाल, तर दूरच्या घरी देव्हाऱ्यातील धातूच्या गणपतीची किंवा सुपारीची पूजा करावी, आरती म्हणावी, नैवेद्य दाखवावा. त्याला विसर्जनाची यातायात नाही आणि पुढच्या वर्षाचे बंधनही नाही. मूळ घर पडले असेल, विकले गेले असेल किंवा तेथे कोणीही उरले नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी सर्व भावांनी एकत्र बसून गणपती कोणाकडे न्यायचा ते ठरवावे आणि ज्याच्याकडे तो जाईल त्याच्या घराला इतरांनी त्या दिवसांपुरते मूळ घर मानावे. याच बैठकीत आणखी एक प्रश्न मिटवावा. भावकीत ऐन वेळी सुतक आले तर पूजा कोणी करायची, हे घरच्या भटजींना आधीच विचारून ठेवावे, कारण माणसे पाच शहरांत विखुरलेली असताना आदल्या रात्री असे प्रश्न फोनवरून सुटत नाहीत.

दुसरी पायरी: घराची वही

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते. प्रत्येक घराच्या रीती थोड्या थोड्या वेगळ्या असतात आणि त्या कोठेही छापलेल्या नसतात. घरातील म्हातारे माणूस असेपर्यंतच त्या कळतात.

वही भरताना आईला किंवा काकीला समोर बसवून 'सांग बघू' म्हणू नये. बसून विचारले की त्या हमखास 'त्यात काय सांगायचे, नेहमीसारखेच' असे उत्तर देतात. त्या कामात असताना शेजारी उभे राहावे आणि दिसेल ते टिपावे. प्रमाण विचारले तर 'अंदाजाने' असे ऐकू येते, म्हणून त्यांनी मुठीने घेतलेली पिठी वाटीत ओतून मोजावी आणि मग भांड्यात जाऊ द्यावी. त्या वैतागतील, पण वैतागू द्यावे. मी आईचा गुळाचा खडा असा चार वेळा मोजला आणि चारही वेळा तो नारळाच्या निम्माच निघाला. अंदाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले.

वहीत पुढील गोष्टी असाव्यात: गणपती किती दिवसांचा, तो कोण आणतो आणि उंबरठ्यावर त्याच्यासमोर काय ओवाळतात, पूजेला कोण बसते, पहिल्या दिवशीच्या आणि ऋषिपंचमीच्या पानावर कोणते पदार्थ कोणत्या क्रमाने वाढतात, गौर कशाची असते आणि ती कोठून आणतात, गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो की गोडाचा, गाऱ्हाणे (देवापुढचे मागणे) कोण घालते, विसर्जन कोणत्या व्हाळावर (ओढ्यावर) किंवा नदीवर होते, आणि परत येताना पाटावर तेथली वाळू आणतात की नाही. माटवीला काय काय बांधतात त्याची यादी वेगळ्या पानावर लिहावी आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोठे मिळते ते नोंदवावे. कांगणे कोणत्या कुंपणावर असते, हरणे कोणत्या सड्यावर (कातळाच्या माळावर) फुलते, कवंडाळाचा वेल कोणाच्या बागेत आहे, आणि ती बाग आता कोणाच्या नावावर आहे. शेवटची बाब गमतीची वाटेल, पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडील बऱ्याच जमिनींना तारेची कुंपणे पडली आहेत आणि माटवीच्या सामानासाठी आता परवानगी मागावी लागते.

तिसरी पायरी: तारखा, रजा आणि तिकीट

गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. परदेशातील शाळा, कार्यालयातील वार्षिक रजा आणि विमानाची तिकिटे यांचे गणित या हलत्या तारखेशी जुळवायचे असल्याने पुढच्या वर्षाचे पंचांग हाती येताच, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, सर्व भावंडांना तारखा कळवाव्यात. हे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

येथे एक चूक फार जण करतात. 'पाच दिवसांचा गणपती' असे धरून परतीचे तिकीट काढले जाते. गौरी मात्र तिथीने नव्हे तर नक्षत्राने येतात: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्या घरी गणपती गौरीबरोबर जातो, तेथे मुक्काम कधी पाच, कधी सहा, तर कधी सात दिवसांचा होतो. म्हणून परतीचे तिकीट गौरीविसर्जनाचा दिवस पाहूनच काढावे.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते आणि त्यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. उदाहरणार्थ, ११ सप्टेंबर २०२६ च्या गाडीचे आरक्षण १३ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या नेहमीच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात, हे सांगायला नकोच. जाण्याचे आणि येण्याचे आरक्षण वेगवेगळ्या दिवशी उघडते, त्यामुळे दोन्ही सकाळी दोन-दोन माणसांनी बसावे. ती संधी हुकली तर गणपती विशेष गाड्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवावे आणि एकाच वाडीची माणसे असल्यास एसटीच्या जादा गाडीचे गट आरक्षण करावे. वाडीच्या तोंडाशी उतरवणारी एसटी, सामान आणि म्हातारी माणसे बरोबर असताना, रेल्वेपेक्षा बरी पडते असे माझे मत आहे. महामार्गाच्या खड्ड्यांचा विषय मी येथे काढत नाही.

नवविवाहितेची रजा मात्र वेगळ्या हिशेबाने मोजावी लागते. कोकणात अनेक ठिकाणी नव्या सुनेचा पहिला ओवसा (गौरीपुढे सुपे भरून ओवसण्याचा विधी) गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच होतो. हे पूर्वा नक्षत्र चंद्राचे नसून पावसाचे, म्हणजे सूर्याचे नक्षत्र आहे, आणि ते साधारण ऑगस्टअखेरीपासून १३ सप्टेंबरपर्यंत असते. २०२६ मध्ये चतुर्थीच १४ सप्टेंबरला असल्याने अशा घरांत त्या वर्षी पहिला ओवसा होणार नाही. ज्या मुलीला एकाच वर्षी मोठी रजा मिळणार आहे, तिला हे लग्नाच्या वर्षीच सांगावे. विमानाचे तिकीट काढून आलेल्या सुनेला 'यंदा ओवसा नाही' असे अंगणात सांगण्याची पाळी माझ्या शेजारच्या घरी आली होती.

चौथी पायरी: बंद घर उघडणे

कुलूप लावलेले घर पावसाळ्यात तीन महिने बंद राहिले की काय होते, हे शहरात बसून ध्यानात येत नाही. अंगणात कमरेएवढे गवत माजते, सरकलेल्या कौलांतून पाणी ठिबकून पडवीत ओल येते, लाकडी सामानावर बुरशी धरते, विहिरीवरचा पंप अडकून बसतो आणि चुलीच्या वैलात मुंग्यांनी वारूळ केलेले असते. आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरून हे सगळे होत नाही. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी एकाने दोन दिवसांसाठी येऊन जावे किंवा गावातील माणसाला ठरवून मजुरी द्यावी. क्रम असा ठेवावा: प्रथम गवत, कारण त्याशिवाय घराजवळ जाणेही धोक्याचे असते, मग कौले, मग वीज आणि पंप, आणि सर्वांत शेवटी आतील झाडलोट. कौले शाकारायच्या आधी घर झाडले तर ते पुन्हा झाडावे लागते. गॅसचे सिलिंडर भरलेले आहे ना, हे त्याच फेरीत पाहावे, कारण सणाच्या आठवड्यात ते मिळेलच असे नाही.

मूर्तीचा पाट आषाढात किंवा श्रावणात चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, पोहोचला पाहिजे. दूर असाल तर पाटाच्या मागे घराण्याचे नाव आणि वाडी रंगाने लिहून ठेवावी. शाळेत पन्नास-साठ पाट एकावर एक रचलेले असतात आणि आमचा पाट एकदा दुसऱ्याच घराण्याच्या गणपतीखाली गेला होता. मूर्तीची उंची मखराची आणि दरवाज्याची चौकट मोजूनच सांगावी. फोनवरून 'गेल्या वर्षीपेक्षा जरा मोठी' असे सांगणाऱ्या मंडळींनी आमच्या देवघराची चौकट पाहिलेली नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. गावात राहणारा भाऊ किंवा वहिनी ही सणाची व्यवस्थापक नाही. चाकरमानी चार दिवस येतात, तेव्हा गावातल्या माणसाने आधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस राबलेले असते, आणि वर 'माटवी यंदा जरा रिकामी वाटते' असे शेरेही त्याला ऐकावे लागतात. मी स्वतः बावीस वर्षे असे शेरे मारले आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगतो. पोहोचल्यावर पहिल्या तासात हातात विळी किंवा झाडू घ्यावा, मग शेरे मारावेत.

पाचवी पायरी: जो येऊ शकत नाही, त्याचा वाटा

व्हिडिओ कॉल लावून फोन समईशेजारी टेकवून ठेवणे म्हणजे सहभाग नव्हे. दुबईत बसलेल्या माणसाला अर्धा तास छताचे वासे दिसतात आणि घरातील माणसांना फोन पडेल याची धास्ती असते. दूरच्या माणसाला एक ठरावीक वेळ आणि एक ठरावीक काम द्यावे.

वेळ ठरवताना घड्याळ पाहावे. गणपतीच्या दिवसांत दुबई आपल्यापेक्षा दीड तास, लंडन साडेचार तास आणि न्यू जर्सी साडेनऊ तास मागे असते. आपली दुपारी बारा वाजताची पूजा न्यू जर्सीत पहाटे अडीचला पडते, पण रात्री आठची आरती तेथे सकाळी साडेदहाला येते. म्हणून अमेरिकेतल्या माणसाला पूजेसाठी जागवण्यापेक्षा रात्रीच्या आरतीला बोलवावे आणि एक आरती त्याने सांगावी, घराने त्याच्यामागे म्हणावी. फोन एका जाणत्या मुलाच्या हातात असावा. पावसात वीज जाते आणि नेटवर्कही जाते, म्हणून त्या वेळेआधी फोन पूर्ण चार्ज असावा आणि कॉल तुटला तर पुन्हा पुन्हा लावत न बसता आरती पुरी करावी.

अमेरिकेत स्वतंत्र पूजा करणाऱ्यांनी तिथीही तेथलीच पाहावी. २०२५ मध्ये चतुर्थी भारतात २६ ऑगस्टला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी लागली आणि २७ ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी संपली. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे ती २६ च्या पहाटे लागून २७ च्या सकाळी सव्वासहाच्या आत संपली. गणेशपूजन मध्यान्ही चतुर्थी असताना करायचे असल्याने तेथे पूजेचा दिवस २६ हा होता. गावाबरोबर एकाच दिवशी करायचे की तेथल्या तिथीप्रमाणे, हा निर्णय कुटुंबाने घ्यावा. मी स्वतः गावाबरोबर करण्याच्या बाजूचा आहे, पण पंचांग मानणाऱ्याशी वाद घालत नाही.

मात्र दूरच्या माणसासाठी सगळ्यात मोलाची जागा गाऱ्हाण्यात असते. आमच्याकडे पूजा झाल्यावर घरातला थोरला देवासमोर उभा राहून गाऱ्हाणे घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. त्यात गैरहजर असलेल्यांची नावे घेऊन मागणे मागायची पद्धत आमच्या काकांनी सुरू केली: 'बा देवा गणपती म्हाराजा, जी काय लेकरा परमुलकात रवतत, तेंका आरोग्य दी, तेंची वाट मोकळी ठेव, नि पुढच्या वर्साक तेंका हयसर हजर कर रे म्हाराजा.' त्या एका मिनिटासाठी फोन अवश्य चालू असावा. त्याच वेळी दूरच्या घरातही समई लावून सगळ्यांनी उभे राहावे आणि 'व्हय म्हाराजा' मोठ्याने म्हणावे. शारजाच्या फ्लॅटमध्ये माझी मालवणी न येणारी पुतणी हे दोन शब्द ज्या जोराने म्हणते, तो जोर आमच्या पडवीतही नसतो.

सहावी पायरी: दूरच्या स्वयंपाकघरात

आता सोबत नेण्याच्या भागाकडे येऊ. दूरच्या घरी सगळी ताटे मांडण्याचा हट्ट धरू नये. वर्षातून एकदा एक पदार्थ नीट करावा आणि तो मोदक असावा.

सारणासाठी दोन वाट्या ओले खोबरे आणि एक वाटी चिरलेला गूळ घ्यावा. परदेशात गोठवलेले किसलेले खोबरे मिळते, पण ते पूर्ण सैल होऊ देऊन आधी कोरडेच थोडे परतावे आणि मग गूळ घालावा, नाहीतर सारणाला पाणी सुटते. सारण गोळा होऊ लागले की लगेच उतरवावे, कारण जास्त परतले तर ते निवल्यावर चिवट होते. उकडीसाठी एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल किंवा तूप घ्यावे. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ आणावी आणि विस्तव बंद करून आणखी पाच मिनिटे झाकून ठेवावे. उकड हाताला सोसेल तेवढी गरम असतानाच पाण्याचा आणि तेलाचा हात लावून मळावी. ही मळणी हेच मोदकाचे मर्म आहे. गार उकड कितीही मळली तरी कळ्या घालताना कडा चिरतात.

दूरच्या दुकानातली पिठी पुष्कळदा लांब दाण्याच्या, मोकळ्या शिजणाऱ्या तांदळाची असते आणि तिला चिकटपणा नसतो. अशा वेळी आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ धुऊन सावलीत वाळवून मिक्सरवर दळावा आणि चाळून घ्यावा. पारी थापताना उरलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवावी, मोदक वाफवायला ठेवण्याआधी गार पाण्यात क्षणभर बुडवून काढावा आणि दहा ते बारा मिनिटे वाफवावा. पहिल्या वर्षी पाच कळ्या पडतील. त्या पाचांचाच नैवेद्य दाखवावा.

हळदीचे पान नसेल तर केळीचे चालते, पण पातोळ्यांना हळदीचेच पान हवे. त्यासाठी एप्रिल-मे महिन्यात मोड आलेले हळकुंड कुंडीत पुरावे; डोंबिवलीच्या गॅलरीत गणपतीपर्यंत त्याला हातभर पाने येत असत. परदेशी जाताना गावाहून पाने, फुले किंवा बिया नेण्याच्या भानगडीत पडू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे असे सामान विमानतळावर उघड करावेच लागते आणि बहुधा ते तेथेच राहते. सुके खोबरे, कापूर आणि काडेपेटी विमानाच्या सामानात घालू नये. कोकमे, काळे वाटाणे आणि मालवणी मसाला यांना बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, तरी त्या देशाचा नियम पाहूनच पिशवी भरावी. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे एवढे झाले की पान आमच्याकडचे दिसते.

माटवीबद्दल माझा सल्ला कोणाला आवडत नाही. फ्लॅटमध्ये ती टांगू नये. ती पावसात उगवलेल्या रानाची आहे आणि घराच्या वाशांना बांधायची आहे. एका वर्षी मी हट्टाने गावाहून सगळे सामान गोणीत घालून डोंबिवलीला नेले आणि पंख्याच्या हुकाला माटवी बांधली. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पिकलेला चिबूड तडकून थेट मखरावर कोसळला. घरभर त्याचा गोड वास दरवळत होता, बी टीव्हीपर्यंत उडाले होते आणि बायको एक शब्दही बोलली नाही. हौसच असेल तर आंब्याचे टाळ, एक नारळ आणि सुपारीचे शिपटे दाराला बांधावे.

गौरीबाबतही हेच. आमच्याकडे तेरड्याची रोपे उपटून आणून गौर करतात, काही घरांत ती नदीवरच्या खड्यांची असते, तर काहींकडे मुखवट्याची. खड्यांची गौर सोबत नेण्यास सर्वांत सोपी आहे, कारण पाणवठा कोठेही सापडतो. ज्या घरांत गौरीला वडे-सागोतीचा (वडे आणि मटण-कोंबडीच्या रश्श्याचा) नैवेद्य असतो, त्यांनी शहरातल्या शेजाऱ्यांच्या भुवयांकडे पाहून तो बदलू नये. दार लावून करावा.

शिमगा आणि दिवाळी

दिवाळी नेण्यास सोपी आहे. नरक चतुर्दशीला पहाटे अंघोळ करून तुळशीपुढे कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडावे आणि मग गोडे, तिखट, दुधातले असे दोन-तीन प्रकारचे पोहे खावेत. कारीट मिळाले नाही तर चिरडणे सोडून द्यावे, पोहे सोडू नयेत.

शिमगा मात्र कोणत्याही युक्तीने नेता येत नाही. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) बसते, मग वाडीवाडीतून घरोघर येते, आणि तिच्यासाठी ते घर उघडे असावे लागते. आपल्या वाडीत पालखी कोणत्या दिवशी येणार, हे गावचे मानकरी ठरवतात. तेरसे शिमगे आणि भद्रे शिमगे या शिमग्याच्या दोन प्रकारांचे दिवसही गावागणिक वेगळे असल्याने पंचांगावरून तारीख काढू नये, गावात फोन करून विचारावी. वर्षातून एकच रजा मिळत असेल आणि तुमचे गाव रत्नागिरीकडचे असेल, तर गणपती सोडून शिमग्याला जाणारी घराणी आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते: गणपतीची पूजा दूरही होते, पालखी फक्त अंगणातच येते. स्वतः जाणे जमले नाही तर किल्ली शेजारी द्यावी, अंगण सारवून घेण्याचे पैसे द्यावेत आणि ओटी-नारळ कोणाच्या हातून द्यायचा ते सांगून ठेवावे.

हिशेब

मूर्ती, भटजींची दक्षिणा, भजनी मंडळीचा चहा आणि उसळ-पाव, दिवाबत्ती, गवत आणि कौलांची मजुरी, किराणा अशी खाती वहीच्या मागच्या बाजूला मांडावीत आणि खर्च भावांत वाटावा किंवा वर्षाची पाळी लावावी. पाळी असेल तर ज्याची पाळी तो नसला तरी पैसा त्याचाच, हे पक्के असावे. गावात राबणाऱ्याने पैसा घालू नये, त्याचे श्रम हाच त्याचा वाटा समजावा. दूरच्यांनी पैसे चतुर्थीच्या महिनाभर आधी पाठवावेत, कारण मजुराला आणि मूर्तिकाराला आगाऊ द्यावे लागते आणि गावातला भाऊ ते खिशातून भरून नंतर मागायला लाजतो. मी सहा वर्षांत एकदाच मागितले आहेत.

विसर्जनाहून परतल्यावर, माणसे घरात असतानाच, वही उघडून त्या वर्षीच्या चुका लिहून घ्याव्यात: काय कमी पडले, काय उरले, कोणाचे देणे आहे. दुसऱ्या दिवशी गाड्या सुटू लागतात आणि मग हे राहते. फुटलेल्या कौलांची संख्याही तेव्हाच मोजावी. व्हाळावरून आणलेली वाळू घरात शिंपडून झाल्यावर पाट धुवावा आणि पडवीच्या भिंतीला उभा करून वाळवावा. ओला पाट आडवा ठेवला तर पावसाळी हवेत तो वाकतो आणि पुढच्या वर्षी मूर्ती त्यावर डुगडुगते.